मोकळे लोह आणि पेरॉक्साइड : आरोग्य पुरवणीतील दोन सल्ल्यांविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या पंधरवड्यात आलेल्या एका लेखात दोन सल्ले शेजारी-शेजारी छापले गेले होते. अशक्तपणा वाटणाऱ्या प्रत्येकाने लोहाचे टॉनिक घ्यावे, लोह कितीही पोटात गेले तरी अपाय होत नाही, हा पहिला. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब रोज पाण्यातून घेतल्यास रक्ताला जादा प्राणवायू मिळतो, हा दुसरा. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हे सल्ले वेगवेगळ्या दिवशी वाचले असते तर कदाचित पान उलटून पुढे गेलो असतो. परंतु लोह आणि पेरॉक्साइड ही जोडी एकाच पानावर आणि तीही पोटात घेण्यासाठी सुचवलेली पाहिल्यावर पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. चुकीचा सल्ला दोन ओळींत देता येतो. तो का चुकीचा, हे सांगायला मात्र जागा लागते.

प्रथम पेरॉक्साइडविषयी. पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा एक अणू अधिक, हे त्याचे वर्णन सूत्रापुरते खरे आहे. थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये ते प्रथम तयार केले. औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळणारे त्याचे सौम्य द्रावण गुडघ्याच्या खरचटण्यावर ओतल्यावर पांढरा फेस फसफसून वर येतो, हे बहुतेकांनी लहानपणी पाहिलेले असते, आणि तो फेस म्हणजे जंतू मरत असल्याची खूण, असे त्या वेळी घरच्यांनी सांगितलेलेही असते. प्रत्यक्षात तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज नावाच्या विकराचे (एन्झाइमचे) काम असते. या विकराचा एकच रेणू सेकंदाला पेरॉक्साइडच्या लाखो रेणूंचे पाणी आणि प्राणवायू करून टाकतो. शरीराला पेरॉक्साइड हवेहवेसे असते, तर ते नाहीसे करण्यासाठी एवढा वेगवान कारागीर त्याने जवळजवळ प्रत्येक पेशीत बसवून ठेवला नसता. या कॅटालेजच्या गाभ्यातही लोहच असते. पण ते हीम नावाच्या कड्यासारख्या रेणूच्या चौकटीत आणि प्रथिनाच्या घडीत असे पक्के बसवलेले असते की पेरॉक्साइड तेथे येते आणि निरुपद्रवी होऊन बाहेर पडते. हेच लोह चौकटीबाहेर सुटे सापडले तर काय होते, हा माझ्या पत्राचा विषय आहे.

अकरावीच्या मुलांपुढे मी दरवर्षी एक प्रयोग करीत असे. जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून मेथिलीन ब्लूचे चार थेंब मागून आणायचे, ते पाण्यात मिसळून निळेशार द्रावण करायचे, त्यात गंधकाम्लाचा एखादा थेंब टाकायचा आणि ते तीन परीक्षानळ्यांत सारखे वाटायचे. पहिल्या नळीत नुसते पेरॉक्साइड घालायचे. दुसऱ्या नळीत नुसते हिराकशीचे, म्हणजे फेरस सल्फेटचे पाणी. हिराकस आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडली की तिची फवारणी करतात. ती मात्र ताजी लागते, कारण बाटलीत जुनी झालेली हिराकस हवेने तांबूस पडते आणि मग हा प्रयोग रंगत नाही. तिसऱ्या नळीत दोन्ही घालायची. पहिल्या दोन नळ्या तास संपेपर्यंत निळ्याच राहत. तिसरीतून बारीक बुडबुडे निघत, बोटांना किंचित ऊब जाणवे आणि काही मिनिटांत निळा रंग उडून फिकट पिवळसर पाणी उरे. मागच्या बाकावरून तेव्हा हमखास आवाज येई, "सर, रंग कथा गया?" म्हणजे रंग कुठे गेला?

प्रश्न नेमका होता. रंग तळाशी बसला नव्हता किंवा झाकलाही गेला नव्हता. रंगाचा रेणूच फुटला होता. पेरॉक्साइड एकटे असताना बरेच आळशी असते. त्याच्या दोन प्राणवायू-अणूंमधला बंध कमकुवत खरा, पण तो तोडायला कोणीतरी एक इलेक्ट्रॉन हातावर ठेवावा लागतो. फेरस लोहाला तो देणे फार सोपे जाते. लोह एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होते, पेरॉक्साइडचा रेणू मधोमध तुटतो, त्याचा एक अर्धा भाग साधा हायड्रॉक्साइड आयन म्हणून शांत होतो आणि दुसरा अर्धा भाग हायड्रॉक्सिल मूलक म्हणून मोकळा सुटतो. रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीने नांदतात. या मूलकाकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि जोडी पुरी करण्यासाठी तो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. क्ष-किरण किंवा गॅमा किरण शरीरातल्या पाण्यातून गेल्यावर जे मूलक तयार होतात, त्यांत हाच प्रमुख असतो, एवढे सांगितले तरी त्याच्या स्वभावाची कल्पना यावी.

या अभिक्रियेला फेंटन अभिक्रिया म्हणतात. केंब्रिजमधल्या हेन्री फेंटन यांनी १८७६ मध्ये एका लहानशा टिपणात आणि पुढे १८९४ मध्ये सविस्तर निबंधात लिहिले की, टार्टारिक आम्लावर पेरॉक्साइडचा परिणाम घडवून आणायला लोहाचा अंशही पुरतो. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतले आम्ल. शरीराशी किंवा रोगाशी तेव्हा या गोष्टीचा काही संबंध आहे, असे कोणाच्या मनातही नव्हते. अमोनियाच्या संश्लेषणामुळे प्रसिद्ध असलेले फ्रिट्झ हाबर आणि त्यांचे सहकारी जोसेफ वाइस यांनी हायड्रॉक्सिल मूलकाची कल्पना मांडली. त्यांचा प्रमुख निबंध १९३४ मध्ये, हाबर यांच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. आज रंगकारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी हिराकस आणि पेरॉक्साइड मुद्दाम एकत्र वापरतात. इतर उपायांनी सहसा न फुटणारे रेणू या जोडीने फुटतात, म्हणूनच ती वापरतात. सांडपाण्याच्या टाकीत जो गुण, तोच पेशीत अवगुण.

आता शरीरात हे दोघे येतात कोठून, ते पाहू. पेरॉक्साइड बाहेरून आणावे लागत नाही. आपण घेतलेल्या प्राणवायूचे शेवटी पाणी होते, पण त्या वाटेवर त्याला चार इलेक्ट्रॉन मिळावे लागतात आणि अधूनमधून एखादा रेणू एक-दोन इलेक्ट्रॉन घेऊनच निसटतो. एक मिळाला तर सुपरऑक्साइड, दोन मिळाले तर पेरॉक्साइड. पांढऱ्या पेशी तर जंतू मारण्यासाठी ही द्रव्ये हेतुपुरस्सर तयार करतात, आणि अत्यल्प मात्रेतले पेरॉक्साइड पेशी निरोपाची देवाणघेवाण करण्यासाठीही वापरतात. म्हणून पेरॉक्साइडला सरसकट विष म्हणणेही मला मान्य नाही. लोहाचे म्हणाल, तर प्रौढ माणसाच्या शरीरात ते ३ ते ४ ग्रॅम असते, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. रक्तातून लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन एका वेळी लोहाचे दोनच अणू धरते, पण इतके घट्ट की वाटेत ते कोणाला मिळू नये. पेशीतले फेरिटिन हे पोकळ चेंडूसारखे प्रथिन असून त्यात लोहाचे ४५०० पर्यंत अणू साठवता येतात. ही सारी व्यवस्था साठवणीची वाटते, पण तिचा निम्मा उद्देश लोह पेरॉक्साइडच्या हाती लागू न देण्याचा आहे. पेशीत जे थोडेसे लोह हाताळणीसाठी सैल ठेवलेले असते, त्याच्याभोवती धोका असतो. शिवाय तेथे लोह एकदा वापरले की संपले, असे होत नाही. फेरिक झालेल्या लोहाला सुपरऑक्साइड किंवा क जीवनसत्त्व पुन्हा इलेक्ट्रॉन देऊन फेरस करते आणि तोच अणू पुन्हा पुढच्या पेरॉक्साइडसाठी तयार होतो.

मूलक सुटला की कोणाला दुखावतो? खरे तर जो जवळ असेल त्याला. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास असते आणि तेवढ्यात तो फार तर काही नॅनोमीटर सरकतो. डीएनएच्या सर्पिलाची जाडी २ नॅनोमीटर आहे, यावरून अंतराचा अंदाज करावा. त्यामुळे लोह जेथे चिकटलेले असेल तेथेच घाव बसतो. डीएनएच्या कण्यावर ऋण प्रभार असल्याने धन प्रभाराचे लोह त्याला सहज चिकटते, आणि म्हणून डीएनएचे तंतू तुटतात किंवा त्याच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन हे सर्वांत आधी बिघडते. बिघडलेले ग्वानिन पुढे नक्कल काढताना आपल्या नेहमीच्या जोडीदाराऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवते आणि जनुकाच्या मजकुरात एक अक्षर कायमचे बदलते. अशी अक्षरे शोधून कापून काढणारी दुरुस्तीची यंत्रणा पेशीत असते. डीएनएच्या दुरुस्तीवरील कामासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिंडाल, मॉड्रिक आणि सॅन्कार यांना मिळाले. प्रथिनांचे असे होते की काही अमिनो आम्लांचे रूप बदलते, घडी मोडते आणि विकर असेल तर त्याचे काम थांबते.

स्निग्ध पदार्थांचे नुकसान समजावून सांगायला मला कधीच खडू घ्यावा लागला नाही. पावसाळ्यात शेवेचा डबा उघडा राहिला आणि चार दिवसांनी हात घातला, तर जो खवट वास येतो, तो बहुतांशी मेदाम्लांना प्राणवायू जडल्याचा वास असतो. पेशीच्या पातळ आवरणातही तशीच मेदाम्ले असतात. मूलकाने त्यांतल्या एकाचा हायड्रोजन ओढून घेतला की ते स्वतःच मूलक बनते, प्राणवायू पकडते आणि शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढते. तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. एका ठिणगीने पेटलेली ही साखळी पुष्कळ लांब जाते, आणि लोह पुन्हा येथेही हात घालून अर्धवट बिघडलेल्या मेदाम्लांतून नवी मूलके सोडते. ई जीवनसत्त्व या साखळीत मध्ये उभे राहून ती तोडते, हे त्याचे खरे काम. आवरणातल्या मेदाच्या अशा लोहप्रेरित नासाडीमुळे पेशी मरण्याच्या प्रकाराला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असे स्वतंत्र नाव देण्यात आले.

हे सारे परीक्षानळीतले तर्क आहेत, जिवंत पेशीत कशावरून, अशी शंका रास्त आहे. इमले, चिन आणि लिन या संशोधकांनी १९८८ मध्ये आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंवर केलेले काम या संदर्भात मी नेहमी सांगत असे. थोड्या पेरॉक्साइडने हे जिवाणू डीएनए तुटून मरत होते. परंतु त्यांच्या आतले लोह जखडून टाकणारे द्रव्य आधी दिले की तेवढेच पेरॉक्साइड त्यांना मारीत नव्हते. पेरॉक्साइडचे प्रमाण तेच, जिवाणूही तेच. फक्त लोह बांधलेले की सुटे, एवढाच फरक.

रसायनशास्त्राच्या एखाद्या जाणकार वाचकाने आक्षेप घेण्याआधी एक कबुली देतो. पेशीच्या उदासीन पाण्यात फेंटन अभिक्रियेतून दर वेळी हायड्रॉक्सिल मूलकच सुटतो, असे मानायला आता बरेच संशोधक तयार नाहीत. काही परिस्थितींत प्राणवायू धरून बसलेले उच्च प्रभाराचे लोह तयार होते, आणि पेशीत विपुल असणाऱ्या बायकार्बोनेटच्या सान्निध्यात कार्बोनेट मूलक तयार होतो. हा हायड्रॉक्सिलपेक्षा सौम्य आणि निवडक असतो, पण ग्वानिनला तोही सोडत नाही. नाव कोणतेही असो, त्याचा उगम लोह आणि पेरॉक्साइडच्या भेटीतच आहे. म्हणून सामान्य वाचकाला देण्याच्या सल्ल्यात या वादाने फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्याच एका समजुतीने. त्याच पुरवणीत "अँटिऑक्सिडंट" हा शब्द मी सात ठिकाणी मोजला. सरबतापासून साबणापर्यंत सर्वांत तो आहे आणि त्याने मूलके पकडली जातात, असे सांगितले जाते. हायड्रॉक्सिल मूलकाच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य आहे. तो साखर, प्रथिन, मेद, डीएनए या सर्वांशी सारख्याच प्रचंड वेगाने भिडतो. तेव्हा त्याला आधी क जीवनसत्त्वच भेटावे, असे वाटत असेल तर पेशीत बाकी सगळ्यांपेक्षा क जीवनसत्त्वाचीच गर्दी असायला हवी. आपल्याकडे कापसाच्या जिनात रुईच्या गंजीजवळ कोणी विडी पेटवू नये म्हणून दारातच काडेपेटी काढून घेतात. ठिणगी उडाल्यावर ती झेलायला माणूस उभा करीत नाहीत. शरीराची रीतही तीच आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड साचू देत नाहीत आणि ट्रान्सफेरिन-फेरिटिन लोह सुटे होऊ देत नाहीत. आपल्या लेखातल्या दोन सल्ल्यांनी नेमके हे दोन्ही पहारे उठवण्याची सोय केली आहे.

खानदेशात हा विषय पुस्तकी राहत नाही, त्याचे कारण सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाने भिल्ल आणि पावरा समाजांत या आजाराचे रुग्ण आणि वाहक आहेत, हे आरोग्य खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि शून्य ते चाळीस वयाच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरले. तपासणीत आजार कळतो, कार्ड मिळते. पुढे काय खायचे आणि काय नाही, हे मात्र अनेकदा औषधाच्या दुकानातून किंवा वर्तमानपत्रातून ठरते.

गेल्या पावसाळ्यात शहाद्याच्या बसस्थानकावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो धडगावकडचा, सोबत नऊ वर्षांची मुलगी होती. मुलीच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती आणि बसल्या जागी ती वडिलांच्या खांद्यावर डोके टेकून होती. पिशवीतून त्याने कार्ड काढून दाखवले, त्यावर "एस एस" लिहिलेले होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोष आलेला. त्याच पिशवीत लोहाच्या टॉनिकच्या तीन वेगवेगळ्या बाटल्या होत्या, तिन्ही अर्ध्या.

"सर, बाटल्या बदलून पाहिल्या, पण साडेसातच्या वर रक्त चढतच नाही," तो म्हणाला.

"हिला बाहेरचं रक्त किती वेळा दिलं आहे?" मी विचारले.

"झाल्या असतील दहा-बारा पिशव्या."

"आणि फेरिटिन तपासलं का कधी?"

"ते काय असतं, सर?"

सिकलसेलच्या रुग्णात रक्त कमी असते ते लोह नाही म्हणून नव्हे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन वेळेआधी फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशीतले बहुतेक लोह शरीराबाहेर जात नाही, ते शरीरातच परत येते. त्यातच बाहेरून दिलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची वेगळी वाट माणसाच्या शरीरात नाही. दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम झडते, तेवढेच. पंधरा-वीस पिशव्यांत निरोगी प्रौढाच्या सगळ्या शरीरात असते तितके लोह जमा होते, हा हिशेब मी त्या विद्यार्थ्याला बसच्या तिकिटाच्या मागे मांडून दाखवला. ट्रान्सफेरिन भरून गेले की उरलेले लोह सुटे हिंडू लागते आणि यकृत, हृदय, अंतःस्रावी ग्रंथी येथे उतरते. तेथे त्याची पेरॉक्साइडशी गाठ पडते आणि वर सांगितलेले सारे सुरू होते. थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषामुळे वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांत तर अशी हृदये बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहेत. डेफेरॉक्सामिन, डेफेरासिरॉक्स यांसारखी औषधे अशा वेळी लोहाला सर्व बाजूंनी वेढून शरीराबाहेर नेतात. सर्व बाजूंनी हे महत्त्वाचे. शेतकरी फवारतात त्या चिलेटेड लोहातले ईडीटीए लोहाला धरते खरे, पण पेरॉक्साइडला शिरायला एक जागा मोकळी ठेवते, त्यामुळे त्याने ही अभिक्रिया थांबत नाही. नुसते "बांधलेले" म्हणून भागत नाही, ते असे.

त्या मुलीचे फेरिटिन पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासले गेले. रक्तातल्या फेरिटिनवरून शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. ते हजाराच्या वर, म्हणजे फार जास्त निघाले. ताप किंवा दाह असला तरी फेरिटिन वाढते, त्यामुळे डॉक्टरांनी एका आकड्यावर निर्णय घेतला नाही. पुन्हा तपासून मग टॉनिक बंद केले. फॉलिक आम्लाची गोळी चालू ठेवली, कारण सतत नव्या तांबड्या पेशी घडवणाऱ्या शरीराला ते लागते आणि त्यात लोह नसते.

येथे मला भीती वाटते ती दुसऱ्या बाजूची. हे वाचून एखाद्या आईने शाळेतून मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीला देणे बंद केले, तर माझ्या पत्राने आपल्या लेखापेक्षा अधिक नुकसान केले, असे होईल. खानदेशातल्या अनेक मुलींना आणि गरोदर स्त्रियांना होणारा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेशीच निगडित असतो. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एकदा आणि गरोदर स्त्रियांना रोज मिळणाऱ्या ६० मिलिग्रॅम लोहाच्या गोळीतले थोडेच लोह आतडे आत घेते. शरीर भरलेले असेल तर आतड्याचे दार आणखी आवळले जाते. त्या गोळीने निरोगी मुलीच्या पेशींत आगडोंब उसळत नाही. सिकलसेलचा नुसता वाहक असणाऱ्यांनाही, म्हणजे ज्यांच्या कार्डावर "ए एस" आहे त्यांना, लोहाची कमतरता इतरांसारखीच होते आणि उपचारही तोच असतो. प्रश्न "एस एस" असणाऱ्यांचा, थॅलेसेमियाचा आणि वारंवार रक्त चढवलेल्यांचा आहे; त्यांना लोह द्यायचे ते तपासून कमतरता ठरल्यावरच.

गोळीबरोबर लिंबूपाणी घ्यावे आणि चहा टाळावा, हा सल्ला बरोबर आहे; चहातले टॅनिन लोह अडवते, तर लिंबातले क जीवनसत्त्व लोहाला फेरस रूपात ठेवते आणि आतड्याला ते सहज घेता येते. मात्र ज्याच्या शरीरात लोह आधीच ओसंडून वाहते आहे, त्याने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेणे हृदयाला धोक्याचे ठरू शकते, कारण तेथेही ते लोहाला फेरसच करते.

एक इशारा आपण दर महिन्याला छापलात तरी जास्त होणार नाही. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू नयेत. साखरेचा लेप आणि रंग यांमुळे मुलांना त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात. वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह ही गंभीर विषबाधेची पातळी मानतात. म्हणजे दहा किलोच्या बाळाला दहा गोळ्या पुरतात. आधी उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, मग काही तास मूल बरे वाटू लागते आणि घरचे निर्धास्त होतात. त्यानंतर ते एकाएकी ढासळते. त्या मधल्या काळात लोह यकृताच्या पेशींत शिरलेले असते. मूल बरे दिसत असले तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पेरॉक्साइड पिण्याविषयी फार लिहीत नाही. तीव्र, म्हणजे ३५ टक्क्यांचे द्रावण "खाद्य दर्जाचे" असे म्हणून विकले जाते, तेव्हा तो दर्जा कारखान्यातल्या वापराचा असतो. त्याच्या एका मिलिलिटरमधून शंभराहून अधिक मिलिलिटर प्राणवायू सुटतो. तो रक्ताला उपयोगी पडत नाही, त्याचे बुडबुडे रक्तवाहिनीत अडकून माणूस दगावू शकतो. अन्ननलिका भाजते ती वेगळीच. थेंब पाण्यात पातळ केले तर अपाय कमी होईल, पण फायदा कोणताच होणार नाही. आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूने निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेले असते.

आणखी एक गोष्ट, आपल्या कपाशीच्या पट्ट्यातली म्हणून. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेल्यास फुफ्फुसांचा जो घात करते, तो याच वाटेने. पॅराक्वाटचा रेणू पेशीतून इलेक्ट्रॉन घेतो आणि प्राणवायूला देतो, पुन्हा घेतो आणि पुन्हा देतो. त्यातून सुपरऑक्साइड, त्यातून पेरॉक्साइड, आणि पुढचे काम लोह करते. म्हणूनच अशा रुग्णाला गरज नसताना जादा प्राणवायू देणे डॉक्टर टाळतात, आणि नातेवाइकांना वाटते की दुर्लक्ष होते आहे. सरकीच्या ढिगाशेजारी ही बाटली ठेवणाऱ्या प्रत्येक घराला एवढे तरी माहीत असावे.

आपल्या लेखातले दोन्ही सल्ले मागे घेतल्याची नोंद पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत यावी, अशी माझी मागणी आहे. ती आग्रहाने करण्याचे कारण असे : धडगावच्या त्या विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात मला पुरवणीच्या पानाचा फोटो पाठवला. बाटल्या बंद करून तेव्हा आठ महिने झाले होते. फोटोखाली त्याने एवढेच लिहिले होते : "सर, पेपरात तर छापून आलं आहे. मग पुन्हा सुरू करू का?" त्याला मी त्याच रात्री उत्तर दिले. ज्यांच्या ओळखीत रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर नाही, त्यांना ते आपण द्यावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. अमळनेर, जि. जळगाव